खबर कोणी दिली?

इशाची नमाज झाल्यावर लगेच घरी जाण्याची रीत बोनकोड्यात आता फारशी उरलेली नाही. कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी चहूबाजूंनी वेढलेले हे जुने गाव. अरुंद गल्ल्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या इमारती आणि खाली बारा-पंधरा तरुणांचा घोळका. गेल्या काही दिवसांत या घोळक्यात एकच विषय होता. जमिनीत पुरलेला मृतदेह पोलिसांना सापडतो, तो नेमका कोणाच्या सांगण्यावरून? "मौलाना, आतलाच कोणीतरी फोडत असणार. त्याशिवाय एवढ्या जंगलातली नेमकी जागा कशी कळेल?" एकाने पैशाचा वाद सुचवला, दुसऱ्याने जुने प्रेम, तिसऱ्याने थेट एका नातेवाइकाचे नाव घेतले. मी जिन्यावर उभा राहून ऐकत होतो. खरे सांगायचे तर ऐकताना मला गंमत वाटत होती, आणि एकदोन तर्क मीही पुरवले. घरी येऊन दिवा मालवल्यावर मात्र मनात आले की आपण अर्धा तास एका मृत मुलीविषयी बोलत होतो आणि त्यातली एकही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती.

ते प्रकरण आपल्यापासून फार दूरचे नाही. पनवेल ओलांडून पेणला जावे आणि तिथून खोपोलीच्या रस्त्याला लागावे, की गागोदे येते. मराठी वाचकाला हे नाव विनोबांच्या जन्मगावासाठी ठाऊक असायचे. कुरआनचा मनापासून अभ्यास करून त्यातील निवडक आयतींचे संकलन करणारा हा माणूस याच मातीतला. २०१५ नंतर मात्र गागोदे खुर्दचे नाव घेताच लोकांना शीना बोरा आठवते. २४ एप्रिल २०१२ पासून ही तरुणी बेपत्ता होती. २३ मे २०१२ रोजी गागोदे खुर्दच्या रानात जळालेल्या अवस्थेतील मानवी अवशेष आढळले. गावकऱ्यांना दुर्गंधी आली, पोलीस पाटलांनी पेण पोलिसांना कळवले, पंचनामा झाला, नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले आणि उरलेले अवशेष तिथेच मातीआड करण्यात आले. गुन्हा मात्र नोंदला गेला नाही. तीन वर्षे उलटली. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी एका वाहनचालकाला बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या वेगळ्याच प्रकरणात पकडले. त्याच्या सांगण्यातून हे प्रकरण उघडकीस आले, शीनाच्या आईला अटक झाली आणि २८ ऑगस्टला तीच जागा पुन्हा खोदली गेली. पुढे तपास सीबीआयकडे गेला, चालक माफीचा साक्षीदार झाला. आरोपींनी आरोप नाकारले आहेत, मुलगी जिवंत असल्याचा दावाही मध्यंतरी करण्यात आला. खटल्याचा निकाल लागलेला नाही, म्हणून दोषी कोण याविषयी या लेखात मी एक शब्दही लिहिणार नाही.

मला लिहायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. चालकाच्या अटकेपूर्वी पोलिसांकडे कोणाची तरी निनावी खबर आली होती, अशा बातम्या तेव्हा झळकल्या आणि 'तो कोण?' या प्रश्नाचा बाजारच भरला. वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा रंगल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर या प्रकरणाची मालिका आली आणि नव्या पिढीने तोच बाजार पुन्हा भरवला. या गदारोळात एक साधी गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. ती जागा गुप्त नव्हती! गागोद्याच्या गावकऱ्यांना ती २०१२ पासून ठाऊक होती, सरकारी कागदावर तिचा पंचनामा होता. खबर द्यायची तेव्हा गावाने दिली होती. ज्यांनी पाहिले त्यांनी, जिथे सांगायचे तिथे, जेवढे पाहिले तेवढेच सांगितले. 'ही कोणाची मुलगी?' एवढा प्रश्न पुढे कोणी लावून धरला नाही. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात न्यायालयाला आधी सांगण्यात आले की ते अवशेष सापडत नाहीत, मग सांगण्यात आले की ते तपासयंत्रणेच्या दिल्लीच्या कार्यालयात आहेत. जमिनीतून काढलेली गोष्ट कपाटात हरवू शकते. रहस्यकथा रचणाऱ्यांना हे कंटाळवाणे वाटते. मला ते भयंकर वाटते.

कुरआनने गुमानाविषयी काय म्हटले आहे हे आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्याच्या खुतब्यात ऐकलेले असते. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत श्रद्धावंतांना पुष्कळशा गुमानांपासून दूर राहायला सांगितले आहे, कारण काही गुमान गुनाह असतात. त्याच आयतीत दुसऱ्याच्या गुपिताचा माग काढण्यास मनाई आहे आणि पाठीमागे निंदा करण्याला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. ही उपमा मी शेकडो वेळा समजावून सांगितली आहे. गीबत ज्याची होते तो समोर नसतो, मेलेल्यासारखाच प्रतिकार करू शकत नाही, असे मी सांगत आलो. त्या रात्री प्रथमच जाणवले की आम्ही जिच्याविषयी बोलत होतो ती खरोखरच मेलेली होती. उपमेत उपमा उरलीच नव्हती.

पण गुमान वाईट म्हणून विषय संपत नाही. तसे असते तर तपास हीच गोष्ट अशक्य झाली असती. पोलीस संशय घेतात म्हणूनच शोध लागतो. मग तपास अधिकाऱ्याचा संशय आणि जिन्याखालच्या घोळक्याचा संशय यांत फरक कोणता? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक घटना यावर जेवढा प्रकाश टाकते तेवढा दुसरे काहीही टाकत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आलेली आहे.

अब्दुल्लाह बिन सहल (रजि.) आणि मुहय्यिसा (रजि.) हे दोघे नातलग खैबरला गेले. तिथे राहणारे लोक यहुदी होते आणि मुसलमानांशी त्यांचे संबंध नाजूक होते. दोघे कामानिमित्त वेगवेगळ्या वाटांनी गेले. नंतर मुहय्यिसांना समजले की अब्दुल्लाह मारले गेले असून त्यांचा देह एका खड्ड्यात किंवा पाण्याच्या झऱ्यात टाकून दिलेला आहे. मुहय्यिसा तिथल्या लोकांकडे गेले आणि अल्लाहची शपथ घेऊन म्हणाले की तुम्हीच त्यांना मारले. त्यांनी शपथेवरच नाकारले. प्रकरण मदिनेला प्रेषितांपुढे आले. मृताचे नातलग शोकाने व्याकूळ होते, संशयाला जागा होती, पूर्वीचे वैर होते, देह त्यांच्याच वस्तीत सापडला होता. आजच्या कोणत्याही चर्चेत एवढ्यावर निकाल लागला असता. प्रेषितांनी नातलगांना विचारले की तुम्ही शपथेवर सांगाल का? ते म्हणाले, आम्ही पाहिले नाही, तिथे हजर नव्हतो. मग समोरच्यांची शपथ घ्यावी का, असे विचारल्यावर ते म्हणाले की ते मुसलमान नाहीत, त्यांच्या शपथेवर आम्ही विश्वास कसा ठेवावा? प्रेषितांनी ना संशयितांवर शिक्षा लादली, ना मृताचे रक्त वाऱ्यावर सोडले. शंभर उंटांची दियत त्यांनी स्वतःच्या बाजूने त्या कुटुंबाला दिली.

मदरशात असताना हा प्रसंग आम्ही 'कसामा'च्या, म्हणजे खुनाच्या प्रकरणातील शपथांच्या नियमांच्या प्रकरणात वाचला. कोणत्या इमामाच्या मते किती शपथा, कोणाच्या आधी, यावर आठवडाभर चर्चा चालली. 'आम्ही पाहिले नाही' या नातलगांच्या एका वाक्यावर मात्र कोणी थांबले नाही. ज्यांचा भाऊ मेला होता त्यांनी हे म्हटले! शंभर उंट आणि सूड या दोन्ही गोष्टी एका शपथेच्या अंतरावर होत्या. त्यांनी आपल्या खात्रीला ज्ञान म्हणण्यास नकार दिला. आणि शत्रूच्या वस्तीवरचा संशय हा पुरावा नव्हे, हे त्यांच्याच पैगंबरांनी त्यांना आपल्या खर्चाने शिकवले.

हे मला गेल्या वर्षी फार आठवले. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील धर्मस्थळ येथे एका माजी सफाई कामगाराने तक्रार दिली की १९९५ ते २०१४ या काळात आपल्याला अनेक मृतदेह पुरावयास लावले गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमले, जागोजागी खोदकाम झाले, एकदोन ठिकाणी मानवी अवशेष मिळाले, बहुतेक जागी काहीच मिळाले नाही आणि ऑगस्टच्या अखेरीस खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून तक्रारदारालाच अटक झाली. त्यात खरे किती आणि खोटे किती हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्या मुलांनी मात्र पहिल्या आठवड्यातच ते ठरवून टाकले होते. दुसऱ्या समाजाच्या श्रद्धास्थानाविषयीचे ते व्हिडिओ आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर रात्रंदिवस फिरत होते, आणि पाठवणाऱ्यांत दाढीवाले, नमाजी लोक होते. मी एकाला विचारले, हे कशासाठी पाठवले? तो म्हणाला, "मौलाना, सत्य बाहेर आले पाहिजे." सत्य बाहेर यावे अशी तळमळ चांगली आहे. पण आपल्या मशिदीविषयी, आपल्या एखाद्या मदरशाविषयी असाच व्हिडिओ फिरला असता तर पहिल्या आठवड्यात आपण काय म्हटले असते? सूरह हुजुरातच्याच सहाव्या आयतीत बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करण्याचा आदेश आहे, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा पोहोचेल आणि मग पस्तावावे लागेल. ती आयत 'आपला समूह' आणि 'परका समूह' असा भेद करीत नाही.

या बाबतीत देशाचा कायदाही अधिक सावध आहे, हे मला एका वकील मित्राकडून कळले. पोलीस कोठडीत आरोपीने काहीही कबूल केले तरी ते पुरावा म्हणून चालत नाही. पण त्याने सांगितलेल्या जागी खरोखर काही सापडले, तर त्याच्या बोलण्यातला फक्त त्या शोधापुरता तुकडा ग्राह्य धरला जातो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये हे होते, नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. 'मी अमुक ठिकाणी पुरले' यातले 'अमुक ठिकाणी' शोधाने खरे ठरते, 'मी मारले' त्याने सिद्ध होत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की लपवलेली जागा दाखवणाऱ्याला ती तीन प्रकारे ठाऊक असू शकते. त्याने स्वतः लपवले असेल, दुसऱ्याला लपवताना पाहिले असेल किंवा कोणी त्याला सांगितले असेल. तेव्हा त्यानेच खुलासा करावा. तो करीत नसेल तर त्यानेच लपवले असे न्यायालय मानू शकते. एवढ्या पायऱ्या चढून न्यायालय जिथे पोहोचते, तिथे आपण जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून पोहोचतो.

आणि तो खबर देणारा? त्याचे नाव आपल्याला का हवे असते? मराठीत त्याला 'खबऱ्या' म्हणतात आणि या शब्दाला एक तुच्छतेचा वास आहे. 'खबर' हा मूळचा अरबी शब्द आपल्याकडे येऊन छान रुळला, 'खबरदारी' झाला, 'खुशखबर' झाला. फक्त खबर देणारा तेवढा बिचारा बदनाम झाला. उलट 'साक्षी' हा संस्कृत शब्द केवढा मानाचा. त्यात 'अक्ष' म्हणजे डोळा दडलेला आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. वस्तुतः अनेकदा दोघे एकच असतात. गल्लीत तो खबऱ्या, कोर्टाच्या पिंजऱ्यात साक्षीदार. खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, ही तरतूदही जुन्या पुरावा कायद्यापासून चालत आलेली आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभर लागू केली. त्याचे कारण उघड आहे. खबर देणाऱ्याचे नाव फुटले की त्याचे घर, त्याची मुले, त्याची रोजीरोटी सारे उघड्यावर येते. आपण गंमत म्हणून ज्याचे नाव तर्काने शोधत असतो, तो तर्क एखाद्या दिवशी बरोबर निघाला तर? आणि चुकीचा निघाला, तर ज्याने काहीच केले नाही अशा माणसाच्या दारात संकट नेऊन ठेवल्याचे पाप कोणाचे?

इथपर्यंत मी इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी, बोनकोड्यात येण्याआधी, मी दुसऱ्या एका शहरात नवाच इमाम झालो होतो. एका पहाटे फजरनंतर सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा थांबून राहिला. आदल्या आठवड्यात हमरस्त्यावर एका सायकलस्वाराला गाडीने उडवले होते आणि तो जागीच गेला होता. गाडी निघून गेली होती. मुलाने ती पाहिली होती, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याला पाठ होते आणि गाडी कोणाची हेही त्याला ठाऊक होते. "मौलाना, सांगू की झाकू?" एवढेच त्याने विचारले. मी त्याला ती हदीस ऐकवली, की जो मुसलमानाचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह झाकतो. वर हेही सांगितले की तू गरिबाचा पोर, पोलीस-कोर्टाच्या लफड्यात पडू नकोस. तो मान खाली घालून गेला. त्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटले असेल. मलाही शहाणपणाचा सल्ला दिल्यासारखे वाटले.

तीनचार महिन्यांनी एक वयस्कर बाई मशिदीच्या दारात आली. ती मुसलमान नव्हती. दम करून दिलेले पाणी घ्यायला आपल्याकडे सर्व धर्मांच्या बायका येतात, तशी ती आली असेल असे मला वाटले. तिला पाणी नको होते. त्या सायकलस्वाराची ती आई. नमाजला येणाऱ्यांपैकी कोणी त्या सकाळी रस्त्यावर असेल तर विचारून बघा, एवढीच तिची विनंती होती. "शिक्षा व्हावी असं नाही म्हणत मी, बाबा," ती म्हणाली. "कोण होतं एवढं कळावं." मी 'विचारतो' म्हणालो. तो मुलगा तोवर कामासाठी दुसरीकडे गेला होता, आणि मला त्याचा पत्ता शोधणे अवघड नव्हते. मी शोधला नाही. आपण दिलेला सल्ला चुकला हे त्याच्यापुढे कबूल करण्याची लाज हे त्याचे एकमेव कारण होते.

दोष झाकण्याची हदीस खरीच आहे. पण ती कोणत्या दोषाविषयी आहे? माणूस आणि अल्लाह यांच्यातील गुनाहाविषयी. हजरत माइझ (रजि.) यांना आपला गुनाह कबूल करण्यास हज्जाल नावाच्या ज्या सहाबींनी पाठवले, त्यांना प्रेषितांनी म्हटले होते की तू त्यांना आपल्या वस्त्राने झाकले असतेस तर तुझ्यासाठी ते अधिक बरे झाले असते. तिथे कोणाचा जीव गेलेला नव्हता, कोणाची आई दारोदार फिरत नव्हती. जिथे दुसऱ्या माणसाचा हक्क अडकलेला आहे तिथे झाकणे म्हणजे अमानत दडपणे. सूरह बकरहमध्ये गवाही लपवणाऱ्याच्या हृदयाला गुनाहगार म्हटले आहे. जिभेला नव्हे, हृदयाला. कारण गप्प राहणारी जीभ वरवर तर निर्दोषच दिसते. सूरह निसाची १३५ वी आयत स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्धही न्यायाची गवाही देण्यास सांगते. आपल्या देशाच्या कायद्यानेही खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असलेल्यावर ती कळवण्याचे बंधन घातलेले आहे.

मुस्लिमच्या संग्रहातील एका हदीसमध्ये, विचारण्याआधीच गवाही देतो तो सर्वांत चांगला साक्षीदार, असे आले आहे. दुसऱ्या हदीसमध्ये मात्र न विचारता गवाही देणाऱ्यांची निंदा आहे. विद्यार्थिदशेत हा विरोध मला कोड्यासारखा वाटे. इमाम नववींनी दिलेला एक उलगडा असा की पहिली हदीस त्या माणसाविषयी आहे ज्याच्यापाशी एखाद्याच्या हक्काची माहिती आहे आणि ती त्याच्यापाशी आहे हे हक्कदाराला ठाऊकच नाही. त्याने बोलावणे येण्याची वाट पाहायची नाही. त्याने स्वतः उठून जायचे. हक्कदार त्याच्याकडे कसा येणार? त्याला तर कोणाचे दार ठोठवायचे हेच माहीत नसते. ती आई माझ्या दारापर्यंत आली होती.

पुरलेली गोष्ट बाहेर येते याची दृष्टान्तकथा कुरआनात फार जुनी आहे. आदम (अ.) यांच्या एका मुलाने भावाला मारले, तेव्हा देहाचे काय करावे हे त्याला उमगेना, जमीन उकरणाऱ्या कावळ्याने ते दाखवले. पहिला खून आणि पहिले दफन एकाच कथेतले. बनी इस्राईलने एकाला मारून दोष एकमेकांवर ढकलला, तेव्हा ते जे लपवत होते ते अल्लाह उघड करणार होता, असे सूरह बकरहमध्ये आहे. आणि सूरह तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाते की तिला कोणत्या गुनाहासाठी मारले गेले. मारणाऱ्याला नव्हे, तिला! इतकी वर्षे मातीखाली गप्प राहिलेलीला त्या दिवशी सर्वांत आधी बोलू दिले जाते. सूरह जिलजालमध्ये जमीन आपल्या खबरा सांगेल असे आहे आणि प्रेषितांनी त्याचा अर्थ सांगितला की तिच्या पाठीवर प्रत्येक पुरुषाने व स्त्रीने काय केले याची ती गवाही देईल. तिथे शब्द 'अख्बार' हाच आहे. आपल्या 'खबर'चे अनेकवचन. त्या अख्बारात हमरस्त्याच्या त्या वळणाची खबर असेल, आणि मशिदीच्या त्या कोपऱ्याचीही, जिथे बसून मी एका मुलाला गप्प राहायला सांगितले होते.

जिन्याखालच्या मुलांना यातले बरेचसे मी पुढच्या जुम्याला सांगितले, शेवटचे सांगितले नाही. ते इथे प्रथम लिहितो आहे. गेल्या महिन्यात त्या मुलाचा क्रमांक मिळवला. तो आता दम्मामला नोकरी करतो, दोन लेकरांचा बाप आहे. मी नाव सांगताच तो काही वेळ बोललाच नाही. मग त्याने ते चार आकडे सांगितले, मी न विचारता. कायद्याची मुदत कदाचित टळली असेल, हे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मौलाना, ती आई आहे ना अजून?" आहे. घर तेच आहे. रमजाननंतरच्या सुटीत तो येणार आहे, आणि तिथे आम्ही दोघे जाणार आहोत.